हरकत नाही

हवालदार जबाब आधीच लिहून घेऊन आले होते. पडवीतल्या बाकावर बसून त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. सदर बंदी संचित रजेवर, म्हणजे तुरुंगातून ठरावीक दिवसांच्या सुट्टीवर, आल्यास आमच्याकडे राहील, त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी आम्ही घेऊ, मुदत संपली की त्याला परत हजर करू, त्याच्या येण्याला आमची काही हरकत नाही. मग त्यांनी कागद काकांपुढे धरला. काका उठले आणि काही न बोलता गोठ्याकडे निघून गेले.

मावशी आतून हात पुसत आली. "कुठं करू सही?"

ती चौथी शिकलेली. सही करायची म्हणजे पूर्ण नाव लिहायचं, एकेक अक्षर सुटं करून. आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मी शेजारीच उभी होते. गोठ्यात निघून गेलेल्या माणसाचं नाव त्या कागदावर मधोमध उमटलं.

त्याच्या सहा वर्षं आधी दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, त्याच्या मित्राला मारलं होतं. 'मारलं' हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे. चापट दिली तरी मारलं आणि जीव घेतला तरी मारलंच. आमच्या घराने ती सोय पुरेपूर वापरली. आजोळी कुणी विषय काढलाच तर "त्यांची मारामारी झाली" असं म्हणायचे, म्हणजे दोघांनीही थोडं थोडं काहीतरी केलं आणि नशिबाने एकाचं जास्त झालं. मावशीने मात्र तो शब्द वापरला नाही. ती म्हणायची, "ह्यानं त्याचा जीव घेतला." वाक्यात 'ह्यानं' असायचं आणि 'त्याचा' असायचं. बाकीचे दोघांना मिळून एक करत होते, ती वेगळे ठेवत होती.

त्या रात्रीचं मी इथे लिहिणार नाही. पैशाची देवघेव होती, दारू होती, हाताशी कोयता होता. उरलेलं निकालपत्रात आहे, आणि ते मी एकदाच वाचलंय. गेलेला मुलगा चोवीस वर्षांचा होता. मावशीच्या हातची भाकरी त्याने कितीदा खाल्ली असेल. दोन्ही घरांत शंभर पावलांचं अंतर. गाव तेच, आळी तीच, गिरणी तीच.

तीनशे दोनखाली जन्मठेप झाली. अपील फेटाळलं गेलं. त्या दिवशी काकांनी देवस्थानच्या मंडळींना सांगून टाकलं की यापुढे पालखीला आमच्या घरचा खांदा नसेल. तीन पिढ्यांचा मान होता तो. कुणी काढून घेतला नव्हता, उलट चार जण समजवायला आले. काकांनी ऐकलं नाही. पुढे दर वर्षी पालखी दारावरून जायची तेव्हा ते मागच्या परसात जाऊन बसायचे. त्यांनी मुलाला माफ केलं नाही असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्यांना जे द्यावंसं वाटत होतं ते द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून मान देऊन टाकला.

माफी या शब्दाचं मला कधीच जमलं नाही. शाळेत उशिरा आलं की मागायची ती माफी. सहआरोपींविरुद्ध बोलायला तयार होतो तो माफीचा साक्षीदार. आणि तुरुंगात तर माफी दिवसांत मोजतात. चांगलं वागलं, नेमून दिलेलं काम केलं की शिक्षेतले ठरावीक दिवस कमी होतात, त्याला तिथे 'माफी' म्हणतात. दादाच्या पत्रात असायचं, "यंदा माफी चांगली पडली." पाऊस चांगला पडला म्हणावं तसं. पत्र वाचताना पहिल्यांदा मावशी दचकली होती. "कुणी केली माफी?" मी समजावून सांगितलं. "मग दिवस म्हण की," ती म्हणाली.

आपल्या भाषेत याहून जुना आणि जास्त अडचणीचा शब्दप्रयोग आहे. अपराध पोटात घालणं. आरतीनंतर देवापुढे म्हणतो, आजेसासूच्या पाया पडताना म्हणतो, चुकलंमाकलं पोटात घाला. मी तो हजारदा ऐकला असेल, पण मावशीकडे बघूनच मला त्याचा अर्थ लागला. ज्या पोटातून पोरगं आलं त्याच पोटात त्याचा अपराध परत घालायचा. तिथे तो विरघळतो असं कुणी म्हटलेलं नाही. आत राहतो. जड होतो. बाहेरून दिसत नाही एवढंच.

"कुपुत्रो जायेत" म्हणणाऱ्यांचा तिला राग यायचा. मुलगा वाईट निपजू शकतो, आई कधी वाईट नसते, असं ते सांत्वन. नात्यातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी ते अर्थासकट ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे मी सुटले म्हणा." ते खूश होऊन मान डोलावत राहिले.

महिन्यातून एकदा ती मुलाखतीला जायची. तुरुंगातल्या भेटीला मुलाखत म्हणतात. पहाटेची एसटी, मग दुसरी एसटी, मग रांग, ओळखपत्र, नाव पुकारणं, आणि जाळीपलीकडे वीसेक मिनिटं. आजूबाजूच्या सगळ्या बायका एकाच वेळी ओरडून बोलत असतात, कारण त्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही. मी दोनदा तिच्याबरोबर गेले. घरची वकिलाची बातमी, म्हशीचं दूध, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं ती सांगून टाकायची आणि मग गप्प. पहिल्या वर्षी म्हणे ती नुसतीच बघत बसायची. वेळ संपत आली की एकच विचारायची. "त्याच्या आईला काय सांगू?"

दादा काहीच बोलायचा नाही. दर महिन्याला तोच प्रश्न, आणि दर महिन्याला तीच खाली घातलेली मान. मला तेव्हा मावशी निष्ठुर वाटली होती. पोराला वीस मिनिटं मिळतात, त्यात हे कशाला. चौथ्या की पाचव्या वर्षी त्याने उत्तर दिलं. म्हणाला, "काही सांगू नको. मी आल्यावर बघीन." मावशी त्या दिवशी एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपली. आठवतंय तसं प्रवासात तिला झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

कायद्यात एक गंमत आहे, गंमत म्हणायचं तर. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा. जुन्या दंडसंहितेचं कलम २१२. त्याला एकच अपवाद ठेवलाय, नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला लपवलं तर हे कलम लागत नाही. आईला ही सूट नाही. नवी न्याय संहिता आली, तिच्यातही अपवाद जोडीदारापुरताच. हे मला पुढे कायद्याचं शिक्षण घेताना कळलं आणि मी मावशीला सांगितलं. दादा त्या रात्री घरीच आला होता, रक्ताच्या कपड्यांत. तिने त्याला पाणी दिलं, कपडे बदलू दिले नाहीत, आणि काकांना पोलीस पाटलाकडे पाठवलं. "आसरा म्हंजे काय धरतात त्यात?" तिने विचारलं. "पाणी दिलं तर चालतं का?"

चालतं, मी म्हटलं. तिच्या तोंडावर समाधान दिसलं नाही. बहुतेक तिला उत्तर उलटं हवं होतं.

टेरी रॉबर्ट्सबद्दल मी वाचलं ते याच सुमाराला. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात निकेल माइन्स म्हणून वस्ती आहे. तिथे आमिश लोक राहतात. घोडागाडीतून फिरणारे, घरात विजेच्या तारा न घेणारे, जुन्या वळणाचे ख्रिस्ती शेतकरी. २ ऑक्टोबर २००६, सोमवार. त्यांच्याच गोठ्यांतलं दूध टँकरने नेणारा ३२ वर्षांचा एक माणूस त्यांच्या एका खोलीच्या शाळेत शिरला. मुलग्यांना त्याने बाहेर घालवलं आणि दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली गेल्या. मग त्याने स्वतःवर गोळी झाडली. तो आमिश नव्हता. त्याला बायको होती, तीन मुलं होती. टेरी ही त्याची आई.

त्याचे वडील निवृत्त पोलीस. आता या भागात तोंड दाखवायचं नाही, घर सोडून जायचं, हेच त्यांच्या डोक्यात. त्याच दिवशी एक आमिश शेजारी त्यांच्या घरी आला, त्यांच्याजवळ उभा राहिला, त्यांच्या खांद्यांवर हात ठेवून बराच वेळ काहीबाही बोलत राहिला. आमच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, असं. चार-पाच दिवसांनी मुलाला पुरलं तेव्हा दफनभूमीवर कॅमेरेवाले टपलेले होते. आमिश बायका-पुरुष पुढे आले आणि कॅमेऱ्यांकडे पाठ करून अर्धवर्तुळात उभे राहिले. त्यांच्यातल्या काहींनी आदल्या एक-दोन दिवसांत स्वतःच्या मुली पुरल्या होत्या. शाळेची इमारत दहा दिवसांत पाडून टाकली गेली. मदत म्हणून जे पैसे जमले त्यातला वाटा त्यांनी मारणाऱ्याच्या बायकामुलांनाही दिला.

ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते तेव्हा इथेच थांबते आणि ऐकणारे उसासा सोडतात. मला ती पाठमोरी माणसं आवडतात, नाही असं नाही. पण त्यांच्यात क्षमा ही मनाला वाटण्याची गोष्ट नसून ठरवण्याची गोष्ट आहे, प्रार्थनेतच तशी बांधून घेतलेली. आपण दुसऱ्याला केली नाही तर देव आपल्याला करणार नाही. आधी ठरवायचं, मन मागून येईल तेव्हा येईल. काहींचं वर्षानुवर्षं आलं नाही, रोज सकाळी नव्याने ठरवावं लागलं. हा भाग सांगितला जात नाही.

माझ्या लक्षात राहिला तो गुरुवार. जखमी मुलींपैकी एक इतकी अधू झाली की तिला चालता येईना, बोलता येईना. टेरी दर गुरुवारी संध्याकाळी तिच्या घरी जायला लागली. तिला अंघोळ घालायची, वाचून दाखवायची, गाणी म्हणायची. आपल्या मुलाने जे केलं त्यातलं उरलेलं शरीर आपल्या हातांनी धुवायचं. आणि त्या मुलीच्या आईवडिलांनी तिला दार उघडायचं, दर आठवड्याला. कॅन्सर उलटला तरी अंगात बळ होतं तोवर ती जात राहिली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये टेरी गेली. ती मुलगी त्यानंतर सात वर्षांनी, २०२४ मध्ये.

मावशीला तसा गुरुवार कुणी दिला नाही. द्यायला हवा होता असंही मी म्हणणार नाही. शंभर पावलांवरचं ते दार तिला बंद होतं आणि ते बंद ठेवण्याचा त्या घराचा हक्क होता. त्याच अमेरिकेत, कोलंबाइनच्या शाळेत २० एप्रिल १९९९ ला दोन पोरांनी बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारून स्वतःला संपवलं, तेव्हा कुणा सुताराने टेकडीवर पंधरा क्रूस उभे केले होते. तेरा आणि दोन. मेलेल्या एका मुलाच्या वडिलांनी येऊन ते वरचे दोन उखडून टाकले. निकेल माइन्सची पाठमोरी माणसं मला थोर वाटतात, आणि हा क्रूस उखडणारा बाप कळतो. दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला माझा इलाज नाही.

गावात भागवत सप्ताह होता. फार काही वर्षं झाली नव्हती, दादा पहिल्या रजेवर येऊन गेला होता तेवढ्यातलाच. बुवा बाहेरगावचे, त्यांना काही ठाऊक असायचं कारण नाही. अश्वत्थाम्याची कथा आली. आमच्याकडे अश्वत्थामा म्हटलं की तेल आठवतं. कपाळावरची जखम घेऊन तो अजून रानोमाळ हिंडतो, दारोदार तेल मागतो, असं आजी सांगायची. रात्री परक्याने तेल मागितलं तर नाही म्हणू नये. बुवांनी तेलाचं सांगितलं, बायका हसल्या. मग ते मूळ कथेवर आले. झोपेत पाच पोरं कापली. अर्जुनाने त्याला बांधून द्रौपदीपुढे आणून टाकला. आणि द्रौपदी म्हणाली, सोडा याला, मी रडते आहे तशी याची आई गौतमी रडायला नको.

बुवांचा गळा भरून आला. मांडवात सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. मावशीकडे नाही, डाव्या बाजूला चौथ्या ओळीत बसलेल्या त्या बाईकडे. तिचा मुलगा गेला होता. आता तिच्या तोंडावर काय दिसतंय ते सगळ्यांना बघायचं होतं.

ती उठली, चपला शोधल्या आणि निघून गेली.

मावशी शेवटपर्यंत बसून राहिली, आरती घेतली, प्रसाद घेतला. घरी आल्यावर मात्र तिने पातेलं आपटलं. "सांगायला नको हुतं त्या बुवानं. तिच्यावर वझं टाकलं. आता तिनं सोडलं न्हाई तर ती द्रौपदीपरीस कमी झाली म्हणा." मी म्हटलं, बुवांना कुठे माहीत होतं. "गावोगाव हिंडतो ना? मग कळाय पाहिजे, परतेक गावात एक तरी आसंल."

पुढे मला कळलं की महाभारतातली द्रौपदी सोडा म्हणत नाही. ती अन्नपाणी सोडून बसते आणि म्हणते, त्याच्या डोक्यावरचा मणी आणा, नाहीतर मी इथेच मरेन. मणी उपटून आणतात तेव्हा उठते. भागवतात तीच बाई सोडायला सांगते. मी हे मावशीला फोनवर सांगितलं. एवढ्या वर्षांत मी तिला सांगितलेल्या गोष्टींपैकी एवढी एकच तिला मनापासून आवडली. "हे तिला कुणीतरी सांगाय पाहिजे," म्हणाली. कुणी सांगितलं की नाही माहीत नाही. आणि गौतमीचं, अश्वत्थाम्याच्या आईचं, पुढे काय झालं ते तिने विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ती पहिली रजा चौदा दिवसांची होती. दादाला रोज पोलीस चौकीत हजेरी. चौकीला जायचा सरळ रस्ता त्या घरावरून, दुसरा ओढ्यातून वळसा घालून. तो वळशाने गेला. मावशीने रस्त्याबद्दल काही म्हटलं नाही. काका चौदा दिवस शेतातल्या वस्तीवर राहिले, डबा पोचवायला मी जायचे. निघायच्या आदल्या रात्री मावशीने वाटीत तेल कोमट केलं. लहानपणी दर शनिवारी ती आम्हा सगळ्यांच्या डोक्याला तेल चोळायची, दादा पहिला नंबर लावायचा. तो सवयीने तिच्यापुढे पाट घेऊन बसला. मावशीने वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "लावून घे."

त्याने लावून घेतलं. ती समोर बसून बघत होती. हात जवळ नेऊन तिने मागे घेतला, हे मी पाहिलं. त्याने पाहिलं की नाही कोण जाणे.

जवळच आटपाडीला स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ साली तिथे कैद्यांची मोकळी वसाहत वसवली, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडकडच्या माणसाच्या कल्पनेतून. कैदी तिथे शेती करतात आणि बायकामुलांना जवळ ठेवू शकतात. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच निघाला, कथा लिहिणारे गदिमाही त्याच मुलखातले. मावशीने मला एकदा विचारलं होतं, तिथं आईला राहता येतं का. मी चौकशी करते म्हटलं. मग तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मी गेले तर हितं कोण?" 'इथं' म्हणजे घरात नव्हे, हे मला तेव्हा कळलं नाही.

काका गेले तेव्हा दादाला आत जाऊन अकरा वर्षं झाली होती. काकांनी शेवटच्या आजारात स्वच्छ सांगून ठेवलं होतं, त्याचा हात मला लागता कामा नये. पोलीस बंदोबस्तात दादाला काही तासांसाठी आणलं. लोक म्हणाले, गेलेल्या माणसाचा राग कुठवर धरायचा, एकुलता एक आहे, अग्नी त्यालाच देऊ दे. भटजींनीही तेच सांगितलं. मावशी नाही म्हणाली. अग्नी पुतण्याने दिला. दादा त्याच्या मागे दहा पावलांवर उभा राहिला, दोन शिपायांच्या मधे. मावशीने नवऱ्याचा शब्द राखला आणि मुलाला उभं राहायला जागा ठेवली. त्या दिवशी ती गावाला आवडली नाही.

दादा आता सुटून आलाय. गावात राहत नाही. सांगलीकडे एका कारखान्यात रात्रपाळी करतो, महिन्यातून एकदा येतो, अंधार पडल्यावर. आल्यावर 'बघीन' म्हणाला होता, त्याचं काय झालं, हे मी त्याला विचारलेलं नाही. एकदा तो त्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला एवढं मावशीने सांगितलं. कसल्या आवाजात सांगितलं ते सांगता येणार नाही.

गिरणीचं राहिलं. आमच्या गावात दळणाचे डबे ओळीने ठेवून माणसं घरी जातात, नंबर डब्याचा. मी कॉलेजात असताना सुट्टीत मावशीकडे गेले की दळण न्यायचं काम माझं. मी डबा शेवटी ठेवला की मावशी नंतर येऊन बघायची. त्या बाईचा डबा मागे असेल तर आपला उचलून तिच्या मागे ठेवायची. नंबर जायचा, कधीकधी वीज जायची आणि दळण दुसऱ्या दिवसावर. मला वाटायचं, घाबरते. गिरणीवाला पहिल्यांदा हसला, मग सवयीने स्वतःच तसे डबे लावायला लागला. ती बाई कधी बोलली नाही, तिने कधी मागे वळून पाहिलं नाही, आपला डबा कधी हलवला नाही. सव्वीस वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत मी मावशीला घरघंटी घेऊन देते म्हटलं. गुडघे दुखतात, डबा उचलवत नाही, गिरणीपर्यंत चढ आहे. हप्त्याने नाही, रोख घेऊन देते म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "घरघंटीचं पीठ गरम हुतं. भाकरी चिरती."

मी पुन्हा विषय काढला नाही.